तुला मी इथंच ठेवलं, अझीम

अझीम,

तुझी अम्मा आज दुपार उतरल्यावर, असरच्या नमाजेनंतर, फोन करणार आहे. सकाळी तुझ्या भाईजानचा निरोप आला, एवढाच: "अम्माला तुझ्याशी बोलायचंय, एक गोष्ट विचारायची आहे म्हणते." काय विचारायचंय ते त्यांनी लिहिलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी तुला गावी पाठवायला नकार दिला आणि इथंच, दोह्यातल्या कब्रस्तानात, तुझ्यावर माती पडली, त्या दिवसापासून तुझी आई माझ्याशी एक अक्षर बोललेली नाही. परवा तुझा चाळीसावा झाला. गावी कुराणाचा खतम झाला, जेवणं झाली, चुलत जावेनं मला मोबाइलवर फोटो पाठवले. सगळा गाव होता त्यात. अम्मा कुठल्याच फोटोत नव्हती.

आता भर दुपारची जोहरची नमाज होऊन गेली, असरला अजून बराच वेळ आहे. नवरा गेल्यावरची माझी इद्दत चालू आहे, चार महिने दहा दिवसांची, त्यामुळे बाहेर जाण्याचा प्रश्न नाही. स्वयंपाक करावा तर खाणार कोण. दोनदा ओटा पुसून झाला. म्हणून तुझ्याशी बोलायला बसले. तसंही आपली बरीचशी भांडणं अर्धीच पडली आहेत. रंगात आलेलं भांडण सोडून उठून जायचं ही तुझी जुनी खोड, आणि शेवटीही तू तेच केलंस.

लोक म्हणतात, गेलेल्याचं चांगलं तेवढं आठवावं. मला आधी एसी आठवतो. ओल्ड एअरपोर्ट भागातल्या त्या व्हिलात आपली खोली म्हणजे मूळच्या हॉलचा जिप्समची भिंत घालून कापलेला तुकडा. एका व्हिलात चार कुटुंबं, एक स्वयंपाकघर, आणि आपल्या वाट्याला गॅसची एक शेगडी. तू दिवसभर कार्गोच्या शेडमध्ये भाजून यायचास आणि आल्या आल्या एसी अठरावर न्यायचास. मी दिवसभर त्याच खोलीत थंडीनं आखडलेली असायचे, मी चोविसावर आणायचे. रिमोट उशीखाली लपवण्यापर्यंत आपली मजल गेली होती. शेवटी तडजोड अशी झाली की एसी अठरावर, आणि मी गावाहून आणलेली गोधडी अंगावर. जूनच्या दोह्यात गोधडी पांघरून झोपणारी बाई म्हणून शेजारच्या मल्याळी वहिनी मला ओळखायच्या. नव्या नवरा-बायकोत एवढं तरी असायचंच, घरोघरी मातीच्या चुली, असं मी तेव्हा स्वतःला समजवायचे. आता एसी चोविसावर आहे आणि त्याचा मला संताप येतो.

सुख कशाकशात होतं ते आठवलं की मला हसू येतं. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजेनंतर तू मासळी आणायचास. इथला मासा कितीही ताजा असो, आपल्या खाडीच्या माशापुढे तू त्याला नापास करायचास आणि मग दोन माणसांचं एकटा खायचास. उन्हाळ्यात फिरायला जाणं म्हणजे हायपरमार्केटात ट्रॉली ढकलत चालणं. सगळ्या रांगा फिरून आपण एक कोथिंबिरीची जुडी घेऊन बाहेर पडायचो. त्या काउंटरवरच्या मुलीला आपण तोंडपाठ झालो होतो. मग गाडीत बसून करक चहा, कागदाच्या पेल्यात. तुझ्या त्या जुन्या गाडीत बसलं की पेल्यातला चहा जास्त गरम की आपण, हे ठरवता यायचं नाही. तरी तू म्हणायचास, यल्ला, चल, समुद्राकाठी कॉर्निशवर एक चक्कर मारू. आणि आपण मारायचो.

सगळ्यात मोठं सुख मात्र मी पहिल्याच दिवशी घेतलं. गावात मी तुला "तुम्ही" म्हणायचे. तुझं नाव तर मी लग्नानंतर महिनाभर तोंडातून काढलं नव्हतं. दोह्यात विमान उतरलं, बॅगांच्या पट्ट्यापाशी उभे होतो, आणि मी म्हटलं, "अझीम, तुझी बॅग ती निळी का?" तू असं दचकून मागे बघितलंस, जशी काही अम्मा तिथंच उभी आहे. त्यानंतर चार वर्षं तू "तू" होतास, आणि सुट्टीला निघालो की विमानतळावर पुन्हा "तुम्ही". एकदा गावी पडवीत माझ्या तोंडून सगळ्यांसमोर "तू जेवलास का" निघून गेलं. अम्मा तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, मी म्हणते तसं अज्जू म्हणत नाय हे नशीब. मला तेव्हा तिची भीती वाटली होती. तू मात्र तोंडावर टॉवेल धरून आत पळालास, हसू दाबायला.

तुझ्या कामाबद्दल लग्नाआधी आम्हाला एवढंच कळलं होतं की पोरगा कतारला कार्गोत आहे. माझ्या अब्बांना वाटलं, आंब्याच्या पेट्या वगैरे. आंब्याच्या पेट्याही होत्याच म्हणा. पण दुसऱ्या पेट्याही होत्या, हे मला इथं आल्यावर महिन्याभरानं कळलं. तू कामावरून आलास, सरळ बाथरूममध्ये गेलास आणि इतका वेळ बाहेर आला नाहीस की पाण्यासाठी बाहेर तिघेजण ताटकळत उभे राहिले. जेवायला बसलास आणि उठलास. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणालास, आज आपल्याकडचा एक पाठवला. बिरकत अल अवामेरच्या कामगार कॅम्पातला फिटर होता, लातूरकडचा. इथं मेलेल्या माणसाला घरी पाठवायचं सगळं काम तुमच्या ऑफिसात व्हायचं, आणि महाराष्ट्रातला माणूस असला की तो तुझ्याकडे यायचा. कारण पलीकडे फोन उचलणाऱ्या आईला ना धड हिंदी कळायची, ना ऑफिसातलं इंग्रजी. तू तिला मराठीत सांगायचास, तुमचा माणूस अमक्या विमानानं निघाला, मुंबईला गाडी घेऊन कुणीतरी या.

आणि पेटीवर तू जाड मार्करनं मराठीत लिहायचास: डोकं. इंग्रजीत ते छापलेलं असतंच. पण सुरुवातीच्या दिवसांत एका गावात असं झालं होतं की रुग्णवाहिकेतून पेटी उतरवणाऱ्यांना डोकं कुठल्या बाजूला ते वाचता आलं नाही. पेटी पायांकडून उघडली गेली, आणि समोर आई बसलेली. त्या माणसाच्या भावानं हे तुला फोनवर सांगितलं, रागानं नाही, नुसतं सांगितलं. त्यानंतर महाराष्ट्रात जाणारी एकही पेटी तू मराठी शब्दाशिवाय सोडली नाहीस. ऑफिसातले हसायचे. तू म्हणायचास, हसतील त्यांचे दात दिसतील.

मला हे काम आवडायचं नाही. हे आपलं सगळ्यात मोठं भांडण, आणि तेच अर्धं राहिलं. मी म्हणायचे, दुसरं काम बघ, कागदपत्रं करणारी माणसं कुणालाही हवी असतात. तू कुणाकुणाचा मुलगा होणार आहेस? तू म्हणायचास, मुलगा नाय गं, हमाल. मी म्हणायचे, हमाल जेवतो तरी. मग तू उठून गॅलरीत जायचास. शेवटी इथंही एक तडजोड झाली. पेटीची गोष्ट घरात आणायची नाही, आणि ज्या दिवशी तुझी आंघोळ लांबेल त्या दिवशी मी काही विचारायचं नाही. वर्षभर आपण ती पाळली. मला ती तडजोड कधीच पटली नव्हती, अझीम. एसीची चालली, ही नाही. नवरा बाथरूममध्ये पाण्याखाली उभा आहे आणि बायको बाहेर गप्प बसून भात निवत ठेवते आहे, हा काय संसार झाला का? पण मी बोलले नाही. आणि तू मनात काय साठवत होतास ते तू बोलला नाहीस. अळीमिळी गुपचिळी.

मागच्या वर्षी आपण अल अझीझियाला आलो, स्वतःचं दार असलेल्या घरात. पहिल्या दिवशी तू चारही शेगड्या एकदम पेटवून बघितल्यास. मला लहान मुलांच्या नर्सरीत नोकरी लागली. मूल होऊ द्यायचं, ते आधी "वेगळं घर झालं की" होतं. मग "तुझी नोकरी पक्की झाली की" झालं, मग "पुढच्या रमजाननंतर इन्शाल्ला". आपण दोघंही घाईत नव्हतो. आपल्याला वाटायचं वेळ आहे. याबद्दल मला जास्त लिहिता येणार नाही.

आता त्या दोन गोष्टींकडे येते, ज्यांच्यामुळे आज मला फोनची धास्ती वाटते आहे.

एकदा आपण अल वक्राच्या किनाऱ्यावर बसलो होतो. समोर पोरं वाळूत खेळत होती. तू चहाचा घोट घेतलास आणि कसलाही संदर्भ नसताना म्हणालास, "सायमा, मी हकडं गेलो तर मना पेटीत नको घालूस. दोन-तीन दिवस थंडीत ठेवतात, औषध भरतात, मग काट्यावर वजन करतात. मना सगळं म्हायत हाय." मी म्हटलं, तोंड सांभाळ आणि चहा पी. तू हसलास.

आणि मग गेल्या सुट्टीत, गावी, तू आणि भाईजान तुमच्या बाबांच्या कबरीवरून परत आलात. अंगणात पाय धुताना तू भाईजानना म्हणालास, "बाबांच्या बाजूला जागा हाय ना, ती माझी. दुसऱ्या कोणाला देऊ नका." भाईजान म्हणाले, आधी मी मोठा, आधी माझा नंबर. तू हसलास. अम्मा दारात उभी होती. तिनं ऐकलं. मीही ऐकलं.

दोन्ही वेळा तू हसत होतास. यातली थट्टा कुठली आणि खरं कुठलं, ते तू सांगून गेला नाहीस.

त्या मंगळवारी तू नेहमीसारखा कामावर गेलास. शेडमध्ये खुर्चीवर बसलास, पाणी मागितलंस, आणि पाणी येईपर्यंत सगळं संपलं होतं. हे मला महबूबभाईंनी सांगितलं. किती वर्षं तुझ्याबरोबर काम केलेला तो म्हसळ्याचा माणूस, तुला धाकट्या भावासारखा वागवणारा, त्याला फोनवर वाक्य पुरं करता येईना. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये मी पोचले तेव्हा तुझं सगळं ऑफिस तिथं होतं. आणि सगळे मला एकच गोष्ट सांगत होते, वहिनी, तुम्ही काळजी करू नका. अझीमचं काम आहे, आम्ही धावत करू. खरंच करत होते. उद्याच्या विमानात जागा धरली होती. त्याच विमानात माझी सीट सांगितली होती. एकजण पेटीचं बघायला गेला होता. इतकी माणसं तू घरी पोचवलीस, आता ते तुला पोचवत होते. त्यांना वाटत होतं की ते तुझ्यासाठी जे सर्वांत चांगलं ते करताहेत.

भाईजानचा फोन आला. "परवा सकाळपर्यंत गावात येईल ना? आम्ही कबर खणायला घेतो." कुणी कुणाला विचारलंच नव्हतं. आपला माणूस घरी जातो, हे जसं ठरलेलंच असतं. फक्त माझी एक सही हवी होती.

मी म्हटलं, नाही. इथंच.

ते का म्हटलं, हे मी चाळीस दिवस स्वतःला विचारते आहे. तो वजनाचा काटा डोळ्यांसमोर आला, हे खरं. तुझं वजन करणारा माणूस तुझ्याच ओळखीचा असणार, हेही मनात आलं. पण एवढंच नव्हतं. तू खाली सामानाच्या जागेत आणि मी वर सीटवर, असं मी मुंबईला उतरले असते. मग तुझ्या घराची मागची खोली, पांढरी ओढणी, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडी "अझीमची बायको". आपल्या चार वर्षांची एक बॅग झाली असती. तिथं तुझ्याबद्दल बोलताना मला पुन्हा "हे" म्हणावं लागलं असतं. ज्या शहरात मी तुला "तू" म्हटलं त्याच शहरात मला तू हवा होतास. नर्सरीच्या मॅडमनी माझा इथं राहण्याचा परवाना त्यांच्याकडे घ्यायचं कबूल केलं, ते नंतर. त्या दिवशी कॉरिडॉरमध्ये मला ते काही माहीत नव्हतं. मला फक्त तुला सोडायचं नव्हतं.

भाईजान ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "सायमा, अम्मानं लेकराचं तोंड बघायचं नाय का?" महबूबभाईंनी मध्ये पडून सांगितलं की दफन करण्याआधी व्हिडिओ कॉल लावतो, अम्माला तोंड दाखवतो. पलीकडून अम्माचा आवाज आला. माझ्याशी नव्हे, फोन धरणाऱ्याशी ती बोलत होती. पण मी ऐकलं. "फोनात मी त्याला इतकी वरसं बघितलाय. आता फोनात नको." आणि फोन बंद झाला. तेव्हापासून तिचा आवाज नाही.

असरनंतर तुझी जनाजाची नमाज झाली. बायकांच्या बाजूला मीही उभी होते. बाहेर आले तर फाटकाशी एक कंपनीची बस उभी होती आणि तिच्यातून उतरलेले पंचवीस-तीसजण उन्हात उभे होते. त्यातले कितीतरी हिंदू होते, आत यावं की नाही कळत नसल्यानं बाहेरच थांबलेले. त्यांच्यातला एकजण माझ्यापाशी येऊन म्हणाला, ताई, माझ्या भावाला अझीमभाईंनी धाडलं होतं. तुला अभिमान वाटला असता. मला तेव्हा राग आला, तुझ्या त्या कामाचा. अजूनही येतो, थोडा.

गावात कबर खणून तयार होती. ती तशी उघडी ठेवू नये, असं जुनी माणसं म्हणत होती, म्हणून दोन दिवसांनी बुजवली. आपल्याकडे बायका तिकडे जात नाहीत, पण त्या दिवशी अम्मा गेली. कुणी अडवलं नाही. रिकाम्या कबरीत माती पडताना ती कडेला उभी होती, असं चुलत जाऊ म्हणाली.

आणि त्यात महबूबभाईंनी एक गोष्ट केली, चांगल्या मनानं. वक्राचं तुझं ते बोलणं मी त्यांच्या बायकोला कधीतरी सांगितलं होतं. गावात माझ्याबद्दल वाईट बोललं जाऊ नये म्हणून त्यांनी त्याच आठवड्यात सगळ्यांना सांगून टाकलं की अझीमचीच तशी इच्छा होती, तो आपल्या बायकोला बोलला होता. झालं. एका दिवसात गावचं वारं फिरलं. नवऱ्याचा शब्द पाळला, पोरगी धीराची निघाली, असे निरोप मला यायला लागले. भाईजाननी माझी चौकशी केली. गावात मी कुणाला काही बोलले नव्हते, आणि आता बोलायची गरजही उरली नव्हती. फक्त अम्मा गप्पच राहिली. मला वाटलं, तिचा माझ्यावर विश्वास नाही.

आज सकाळी महबूबभाई आणि त्यांची बायको हमीदाभाभी भाजी-दूध घेऊन आले. ते बाहेर बसले, भाभी आत आली. भाईजानच्या निरोपाचं मी तिला सांगितलं. ती बाहेर जाऊन महबूबभाईंशी बोलून आली आणि म्हणाली, हे म्हणतात, अम्मानं विचारलं तर हो म्हण. तो एकदा बोलला होता ना तुझ्याशी, वक्राला? मग त्यात खोटं काय? हो म्हण आणि खलास. म्हाताऱ्या माणसालाही बरं वाटेल आणि तुझं सासर तुटणार नाही. भाभीचं काय चुकलं? तू बोलला होतास. पण अंगणात पाय धुताना जे बोललास तेही बोललास, आणि ते अम्मानं स्वतःच्या कानानं ऐकलं आहे. मी हो म्हटलं तर मी तिला सांगणार की तुमच्या मुलानं तुमच्यासमोर एक म्हटलं आणि तुमच्या पाठीमागे दुसरं. नाही म्हटलं तर तुझी आई, तुझं घर, तुझ्या बाबांचं अंगण, सगळं माझ्या हातून जातं. माझे अब्बा गेल्यावर मला उरलेलं माहेर-सासर जे काय आहे ते तेच आहे.

अजान झाली. मी नमाज पढून घेते.

फोन आला होता. आता लिहिते ते फोननंतरचं.

आधी तिनं विचारलं, जेवलीस का. मी म्हटलं, हो. ती म्हणाली, खोटं. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

मग म्हणाली, "मना खरं सांग, सायमा. अज्जूनं तुला सांगितलं होतं, का तू ठरवलंस?"

माझ्या जिभेवर "हो" तयार होता. सकाळपासून मी तोच घोकत होते. पण तिनं "अज्जू" म्हटलं आणि माझ्यानं ते झालं नाही. मी म्हटलं, अम्मा, तो इथं एकदा म्हणाला होता, मला पेटीत घालू नको. आणि तिथं तुमच्यासमोर म्हणाला, बाबांच्या बाजूची जागा माझी. दोन्ही हसत हसत म्हणाला. खरं कुठलं ते मला माहीत नाही. मी ठरवलं. मला तो माझ्याजवळ हवा होता म्हणून ठरवलं.

एवढं बोलून मी फोन कानाला घट्ट धरून बसले. आता ती ठेवील, मग कधीच बोलणार नाही, असं मी धरून चालले होते.

पलीकडून रडण्याचा आवाज आला. अम्मा रडते आहे हे कळायला मला वेळ लागला, कारण मी तिला कधी रडताना ऐकलं नव्हतं. रडता रडताच ती बोलली. "ते महबूबचं बोलणं ऐकल्यापास्नं मी अज्जूवर रुसले होते. मना वाटलं, ह्या पोरानं सांगून ठेवलं, आईला माझं तोंड दाखवू नका. चाळीसाव्याला त्याच्या नावाची फातिहा म्हणायला माझं तोंड उघडलं नाय. मेलेल्या लेकरावर रुसून कसं जगायचं, सांग." मग तिनं नाक पुसलं, आणि तिचा नेहमीचा आवाज आला, तांदूळ निवडतानाचा. "तू ठरवलंस ना? मग बरं झालं. आता तुझ्यावर रुसते. तू जिती हायस. तुझ्याशी मना भांडता येईल."

मी म्हटलं, भांडा अम्मा.

"फोनात नाय," ती म्हणाली. "तकडं येते. मक्केला उमऱ्याला गेलेले तेव्हाचा पासपोर्ट हाय माझा. भाईजानला तिकीट बघायला सांगितलाय. तू घरात बस, तुझी इद्दत हाय. महबूबची बायको मना कबरीवर नेईल. आधी त्याच्याकडे जाऊन येते, मग तुझ्याकडे बघते."

तू तिला चार वर्षं बोलावत होतास आणि ती कोंबड्या कोण बघणार म्हणून टाळत होती. आता येते आहे. जे बोलणार आहे ते सोपं नसणार, आणि मला ते सगळं ऐकून घ्यायचं आहे, एकही शब्द न चुकवता. तिच्या मनात तुझ्यावरचा राग होता, तो आता माझ्याकडे आला आहे. तू निवांत राहा, अझीम.